रास्पबेरी पायवर जुनी सीडी, कुंडलीचं सॉफ्टवेअर आणि डीव्हीआरचं प्लगिन: काही जमेल का?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. घरातला विंडोजचा पीसी शेवटी भंगारात गेला आणि त्याच्या जागी रास्पबेरी पाय ५ हा लिनक्सवाला पिटुकला कॉम्प्युटर घेतलाय, ८ जीबीवाला, वर रास्पबेरी पाय ओएस ६४ बिट. ब्राउझिंग, लिब्रेऑफिस, यूट्यूब सगळं मस्त चालतंय. अडलंय ते तीन जुन्या गोष्टींपाशी. माझ्या लहानपणच्या मराठी गाणी-गोष्टींच्या दोन सीडी आहेत, भाचीला दाखवायच्यात, आत ईएक्सई (विंडोजचे प्रोग्रॅम) आहेत, फ्लॅश या जुन्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या असाव्यात. दुसरं म्हणजे बाबांचं कुंडलीचं सॉफ्टवेअर, विंडोज ९८ च्या जमान्यातलं, त्यात त्यांनी वर्षानुवर्षं लोकांच्या पत्रिका भरून ठेवल्यात. आणि तिसरं, बाबा सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आमच्या गळ्यात, तो ब्राउझरमध्ये उघडला की "प्लगिन इन्स्टॉल करा" म्हणतो आणि परत एक ईएक्सईच हातात देतो.

वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल केलं, झालंही नीट, पण कुठलीही ईएक्सई दिली की "बॅड ईएक्सई फॉरमॅट" म्हणून गप्प. क्रोमियममध्ये फ्लॅश चालू करायचं सेटिंग सापडलं नाही. कुणी असलं काही करून बघितलंय का? विंडोजचा लॅपटॉप घे हा सल्ला कृपया देऊ नका, बजेटही नाही आणि इच्छाही नाही.

चिवडाप्रेमी
विंडोजचा लॅपटॉप घे. (पळतो)

टर्मिनलबाबा
चिवडाप्रेमी, तुम्ही पळालात ते बरं केलंत.

निळी_शाई, तुमच्या वाटेत दोन वेगवेगळ्या भिंती आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. एक भिंत ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे प्रोग्रॅम विंडोजचा आणि तुमच्याकडे लिनक्स. ती वाईन ओलांडून देतं. दुसरी भिंत प्रोसेसरची. तुमची ईएक्सई इंटेलच्या एक्स८६ सूचनांमध्ये लिहिलेली आहे आणि पायचा प्रोसेसर एआरएमचा, त्याला त्यातलं अक्षरही कळत नाही. वाईन विंडोजच्या फंक्शन कॉल्सचं लिनक्समध्ये रूपांतर करतं, प्रोसेसरच्या सूचना बदलत नाही, त्यामुळे एआरएमवर टाकलेलं नुसतं वाईन एआरएमच्याच विंडोज ईएक्सई चालवणार. तुमचं वाईन बिघडलेलं नाहीये, त्याचं काम तेवढंच आहे.

प्रोसेसरची भिंत ओलांडायला एम्युलेटर लागतो, म्हणजे एका प्रोसेसरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवणारा: बॉक्स६४ नाहीतर फेक्स नाहीतर क्यूईएमयू. बॉक्स६४ ची खुबी अशी की प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड तेवढा तो चालता चालता एआरएममध्ये बदलतो, आणि सी लायब्ररी, ओपनजीएल वगैरे नेहमीच्या गोष्टी शक्यतो पायवरच्या मूळ एआरएमच्या वापरतो, म्हणून वेग बरा मिळतो. त्याच्या आत एक्स८६ चं वाईन चालवायचं.

प्लगिनचं दुखणं त्याहून वेगळं. एनपीएपीआय (ब्राउझरची जुनी प्लगिनची पद्धत) प्लगिन हे ब्राउझरच्या पोटात लोड होणारं मशीन कोडचं गाठोडं, म्हणजे ब्राउझर आणि प्लगिन एकाच प्रोसेसरचे असायलाच हवेत. एआरएमच्या फायरफॉक्समध्ये एक्स८६ चं प्लगिन कितीही योग्य फोल्डरमध्ये ठेवलं तरी ते उचललं जाणार नाही. आणि आता तो दरवाजाच राहिलेला नाही, क्रोमने २०१५ मध्ये एनपीएपीआय काढलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगिनं बंद केली आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशही. म्हणून तुम्हाला सेटिंग सापडत नाहीये.

आधी एक काम करा, टर्मिनलमध्ये प्रत्येक ईएक्सईवर "फाइल" ही कमांड चालवा आणि काय उत्तर येतं ते इथे टाका. तोवर सगळ्यांचे सल्ले अंदाजपंचे.

कोकणकडा
प्लगिन आणि ब्राउझर एकाच जातीचे लागतात हे वाचून जुने दिवस आठवले. २००७-०८ च्या सुमारास माझ्याकडे ६४ बिट उबुंटू होतं आणि अडोबीचं फ्लॅश फक्त ३२ बिट, तेव्हा एनएसप्लगिनरॅपर नावाचा प्रकार होता. तो प्लगिनला वेगळ्या ३२ बिट प्रोसेसमध्ये चालवायचा आणि ब्राउझरशी दुरून बोलायचा. दर थोड्या वेळाने व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन. मग टर्मिनलमध्ये जाऊन त्याला किल करायचं आणि पान रिफ्रेश. अडोबीने २००८ च्या शेवटी ६४ बिट लिनक्सची अल्फा काढली, २०१० मध्ये मागे घेतली, आणि रीतसर ६४ बिट आलं ते थेट फ्लॅश ११ मध्ये, २०११ साली. तोवर आम्ही क्रिकेटचा स्कोअर राखाडी चौकोनात बघितला.

एरंडोलचा_बाप्या
तुम्हाला निदान राखाडी चौकोन तरी दिसला! मी सेकंडहँड आयबुक जी४ वर लिनक्स टाकलं होतं, पॉवरपीसी. त्यासाठी अडोबीने लिनक्सचं फ्लॅश कधी काढलंच नाही. ग्नॅश आणि एसडब्ल्यूएफडेक अशी दोन मुक्त खेळणी होती, साधी ॲनिमेशन चालायची, पण बटणं दाबली की काय होईल ते देवालाच ठाऊक. कोकणकडांनी सांगितलेला तो रॅपर क्यूईएमयूच्या मदतीने पॉवरपीसीवरसुद्धा इंटेलचं फ्लॅश चालवू शकायचा, मी करून बघितलंय, एक बॅनर जाहिरात उघडायला लागायचा तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. पुढे डेबियनने ३२ बिट पॉवरपीसी २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीपासून अधिकृत यादीतूनच काढलं. मशीन अजून आहे, दरवाजा उघडा राहावा म्हणून लावतो.

पाटावरवंटा
वाखु (वाचनखूण) साठवली. मला फक्त त्या "अंदाजपंचे"साठी टर्मिनलबाबांना +१ द्यायचाय.

निळी_शाई
धन्यवाद सगळ्यांना, एवढं छान कुणी समजावलं नव्हतं. फाइल कमांडने तिन्ही ठिकाणी "पीई३२ एक्झिक्युटेबल, इंटेल ८०३८६" असं काहीसं सांगितलं. म्हणजे सगळं ३२ बिट विंडोज. पहिल्या सीडीत एकच मोठी ईएक्सई आणि बाजूला एसडब्ल्यूएफच्या (फ्लॅशच्या) बऱ्याच फायली. दुसऱ्या सीडीत ईएक्सई, एक्स्ट्राज नावाचा फोल्डर आणि डीएक्सआर असं एक्स्टेंशन असलेल्या फायली.

शेंगदाणा_कूट
थांबा थांबा, या धाग्यावर मला बोलायलाच पाहिजे. मी २००२ ते २००६ पुण्यात अशाच सीडी बनवायचं काम करत होते. पहिली सीडी फ्लॅशची आहे, दुसरी नाही. डीएक्सआर म्हणजे मॅक्रोमीडिया डिरेक्टर, फ्लॅशचा थोरला भाऊ. त्या काळात वेबसाठी फ्लॅश आणि सीडीसाठी डिरेक्टर अशी साधारण वाटणी होती, मग फ्लॅश एमएक्स आल्यावर हळूहळू सीडीसुद्धा फ्लॅशमध्येच व्हायला लागल्या. त्यामुळे दोन्हींचा इलाज वेगळा.

फ्लॅशवाली ईएक्सई म्हणजे ज्याला आम्ही प्रोजेक्टर म्हणायचो. त्यात अर्धा भाग विंडोजचा फ्लॅश प्लेअर आणि त्याच्या शेपटीला तुमची एसडब्ल्यूएफ जशीच्या तशी चिकटवलेली. फाइलच्या शेवटच्या आठ बाइटांत एक ठरलेली खूण आणि एसडब्ल्यूएफची लांबी असते, बस. म्हणजे ईएक्सई चालवायची गरजच नाही, आतला माल बाहेर काढायचा आणि प्लेअर फेकून द्यायचा. जेपीईएक्सएस नावाचं मोफत डीकंपायलर आहे ते ईएक्सईमधून एसडब्ल्यूएफ काढून देतं, आणि ते जावामध्ये असल्यामुळे तुमच्या पायवर आहे तसं चालेल. मग एसडब्ल्यूएफ रफल या फ्लॅशच्या एम्युलेटरमध्ये उघडायची. रफल ब्राउझरचं एक्स्टेंशन म्हणून मिळतं, वेबअसेंब्लीमध्ये चालतं, त्याला इंटेल काय आणि एआरएम काय. २००४ च्या आधीची सीडी असेल तर ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंगची भाषा) १ किंवा २ असणार, ते रफलला उत्तम जमतं.

एक मेख आहे. मुख्य मेनू बाजूच्या एसडब्ल्यूएफ उघडत असणार, आणि फाइल डबलक्लिक करून उघडली तर ब्राउझर सुरक्षेसाठी शेजारच्या फायली वाचू देत नाही. त्यासाठी त्या फोल्डरात पायथनचा छोटा वेब सर्व्हर चालू करा आणि एचटीएमएल पानात मेनूची एसडब्ल्यूएफ टाकून लोकलहोस्टवरून उघडा.

आणि मराठी अक्षरांची काळजी करू नका. आमच्याकडे नियमच होता, फॉण्टवालं मराठी टाइप केलं की दोनदा ब्रेक अपार्ट मारायचं, म्हणजे अक्षरांचे आकार होऊन जायचे. ग्राहकाच्या मशीनवर फॉण्ट नसला तरी "गणपती"चं "गणपती"च दिसायचं. वैताग एकच, नंतर कुणी शुद्धलेखनाची चूक काढली की सगळं परत टाइप.

टर्मिनलबाबा
शेंगदाणा_कूट ताई, दंडवत. तुमचा प्रतिसाद वाचून माझा बॉक्स६४ चा अर्धा सल्ला मागे.

जुनं_ते_सोनं
सगळे उगाच गुंतागुंत करताय. क्यूईएमयू टाका, त्यात विंडोज एक्सपी टाका, त्यात तिन्ही गोष्टी मुळात जशा होत्या तशा चालतील. काढाकाढी नाही, फॉण्टची भानगड नाही, सगळं एका खिडकीत. मी डेस्कटॉपवर हेच करतो.

टर्मिनलबाबा
तुमचा डेस्कटॉप इंटेलचा असणार. इंटेलवर इंटेलचं व्हर्च्युअल मशीन केव्हीएममुळे (लिनक्समधली प्रोसेसर थेट वापरू देणारी सोय) जवळपास मूळ वेगाने पळतं. पायवर अख्खा इंटेल पीसी, त्याचं बायोस, डिस्क, व्हीजीए कार्ड सगळं सॉफ्टवेअरने रंगवायचं, केव्हीएम तिथे काहीच मदत करत नाही. एक्सपी बूट होईल, माउस हलवला की थोड्या वेळाने हलेल. शिवाय एक्सपीचं लायसन्स आणि इंटरनेटला जोडलेला एक्सपी, दोन्हींबद्दल मी काही बोलत नाही.

जुनं_ते_सोनं
इंटरनेटला जोडा कोण म्हणतंय? आणि हळू चाललं तरी *चालतं* ना. तुम्ही लोक मूळ वस्तूचा भुगा करून आतलं फक्त सामान काढून घेता, त्यात मूळ अनुभव जातो. ज्यांच्याकडे डोंगलवालं (लायसन्सची चावी म्हणून मशीनला लावायचा तुकडा) जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर आहे त्यांना विचारा, डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो, वाईन-बॉक्स सगळे तिथे हात टेकतात. अख्खं मशीन एम्युलेट केलं तर यूएसबी डोंगल आत देता येतो.

कोकणकडा
डोंगलचा मुद्दा मान्य, तिथे अख्ख्या एम्युलेशनला पर्याय नाही. पण धागाकर्तीकडे डोंगल नाहीये ना? असला तर सांगा.

निळी_शाई
डोंगल नाही. कुंडलीवाल्यात फक्त सीरियल नंबर आहे, तो बाबांच्या डायरीत आहे.

म्युनिकचा_मुंबईकर
अवांतर: मी एम१ मॅकबुकवर फेडोरा असाही रीमिक्स वापरतो, तिथे याच रडगाण्याची मोठी आवृत्ती. ॲपलच्या चिपवर लिनक्सची मेमरी पानं (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते ते) १६ केबीची, एक्स८६ च्या प्रोग्रॅमना ४ केबीची सवय. म्हणून असाहीवाल्यांनी २०२४ मध्ये वेगळा मार्ग काढला, एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ४ केबीवालं कर्नल चालवायचं आणि त्यात फेक्स. विंडोजचे गेम पण चालतात त्यावर. हे सांगायचं कारण, पाय ५ वर पण हीच गोची आहे! पाय ५ चं मूळ कर्नल १६ केबी पानांचं येतं, पाय ४ चं ४ केबीचं. टर्मिनलमध्ये गेटकॉन्फला पेजसाइझ विचारा, १६३८४ आलं तर वाईन बॉक्समध्ये अडखळणार म्हणून समजा. उपाय सोपा आहे, बूट विभागातल्या फर्मवेअर फोल्डरात कॉन्फिग डॉट टीएक्सटी आहे, तिच्या शेवटी "कर्नल=कर्नल८.आयएमजी" ही ओळ टाकायची (सगळं इंग्रजी स्मॉल लेटर, मध्ये स्पेस नको) आणि रीबूट.

टर्मिनलबाबा
हे मी लिहिणारच होतो. बाकी ते पायॲप्स नावाचं इन्स्टॉलर वापरा, त्यात बॉक्स६४ आणि वाईन दोन्ही यादीत आहेत, हाताने कंपाइल करायची गरज नाही. आणि कुठला प्रोग्रॅम विनाकारण मध्येच कोसळायला लागला तर बॉक्स६४ ची स्ट्राँगमेम नावाची सेटिंग १ करून बघा. इंटेलच्या प्रोसेसरवर मेमरीत लिहिलेलं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतं, एआरएम तेवढी हमी देत नाही, म्हणून अनेक थ्रेडवाले जुने प्रोग्रॅम कधीकधी विचित्र वागतात. वेग थोडा कमी होतो पण टिकतात.

चिवडाप्रेमी
पत्रिका बघायला प्रोसेसरची साडेसाती सोडवावी लागते हे आज कळलं.

विवेकवादी_७७
एवढ्या खटाटोपाने एका अंधश्रद्धेला २०२५ मध्ये परत जिवंत करायचं? ग्रहांचा आणि लग्नाचा संबंध

(पुढचा भाग संपादित)

उंबरठा (संपादक)
कृपया ज्योतिष खरं की खोटं यावर वेगळा धागा काढा, आधीचे बरेच आहेत, तिथे जागा शिल्लक आहे. इथे सॉफ्टवेअरबद्दलच बोला.

पाटावरवंटा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

देवळातला_घंटानाद
मी ज्योतिष बघतो, विवेकवाद्यांशी भांडायला नाही आलोय. कुंडलीच्या सॉफ्टवेअरबद्दल एक महत्त्वाचं. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं झालं तरी जुन्याशी ताळा केल्याशिवाय जुनं टाकू नका. अयनांश लाहिरी आहे की रामन एवढ्यावरच अंशांचा फरक पडतो. पण खरी मेख जुन्या जन्मवेळांची. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मध्ये युद्धामुळे भारतात घड्याळं एक तास पुढे होती, साडेसहा तासांचा फरक. आणि मुंबईत १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम चालायचा, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे १९५० मध्ये मुंबईत जन्मलेल्या आजोबांनी सांगितलेली वेळ बॉम्बे टाइमची की स्टँडर्डची, हे त्या पत्रिकेच्या नोंदीतच असतं. तुमच्या बाबांनी तसं काही लिहून ठेवलं असेल तर ती टीप पण निघाली पाहिजे, नुसत्या तारखा नाही.

लिनक्सवर मैत्रेय नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, मी ते वापरतो. छपाईत आपल्याकडच्यासारखी मांडणी करायला जरा झटावं लागतं.

निळी_शाई
देवळातला_घंटानाद काका, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच चष्मा लावला आणि म्हणाले "शेरा" नावाच्या कॉलममध्ये तेच लिहिलंय. म्हणजे तो कॉलम निघालाच पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या फोल्डरात एक एमडीबी फाइल आहे आणि त्यात सगळ्यात मोठी तीच आहे.

कोकणकडा
वा, मग निम्मं काम झालं. एमडीबी म्हणजे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस. त्यासाठी वाईनची गरज नाही, एमडीबी टूल्स नावाचं पॅकेज डेबियनमध्येच आहे, एआरएमवर सरळ इन्स्टॉल होतं. टेबलांची नावं विचारायची, हवं ते टेबल सीएसव्हीमध्ये काढायचं, लिब्रेऑफिसमध्ये उघडायचं.

शेंगदाणा_कूट
आणि उघडल्यावर दचकू नका, नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. त्या काळी मराठीसाठी युनिकोड रुळलं नव्हतं, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले फॉण्ट होते. सॉफ्टवेअरबरोबर आलेली टीटीएफ फाइल शोधा, घरातल्या फॉण्ट फोल्डरात टाका, सीएसव्हीच्या त्या कॉलमला तो फॉण्ट द्या, लगेच मराठी दिसेल. युनिकोड करायचं असेल तर कुठला फॉण्ट आहे ते बघून त्याचा कन्व्हर्टर शोधावा लागेल. नुसती अक्षराला अक्षर बदलायची सोय नाही, कारण जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं बरोब्बर उलटं. स्वस्तातले कन्व्हर्टर इथेच मार खातात आणि "कीर्ती"चं काहीतरी भलतंच होतं, जोडाक्षरांत तर विचारूच नका. मूळ कॉलम पुसू नका, शेजारी नवीन कॉलम करा.

एरंडोलचा_बाप्या
जुन्या फॉण्टवरून आठवलं, वर्तमानपत्रांच्या साइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसायच्या, डायनॅमिक फॉण्ट लोड व्हायचा. फायरफॉक्समध्ये पद्मा नावाचं एक्स्टेंशन होतं, ते पानावरचा असला मजकूर उचलून जागच्या जागी युनिकोड करून दाखवायचं. काय सोय होती! २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं, जुनी एक्स्टेंशनं सगळी बाद झाली, त्यात तेही गेलं. प्रोसेसर तोच, लिनक्स तेच, तरी एक्स्टेंशन मेलं. म्हणजे आर्किटेक्चर बदललं नाही तरी ब्राउझर तुम्हाला सोडत नाही.

सातारी_पेढा
डीव्हीआरचं कुणी बोलतच नाहीये. मी हेच काम करतो, दुकान आहे. ते जे प्लगिन मागतंय ते बहुधा ॲक्टिव्हएक्स असतं, इंटरनेट एक्स्प्लोररसाठी. त्याच्या मागे अजिबात लागू नका, वाईन-बॉक्स काही करू नका, विंडोजवर सुद्धा आता लोक त्याच्यासाठी एजचा आयई मोड लावून रडतात. प्लगिन फक्त दाखवायचं काम करतं. व्हिडिओ डीव्हीआरमध्ये एच २६४ मध्ये तयारच असतो आणि बहुतेक डीव्हीआर तो आरटीएसपीने (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ द्यायची पद्धत) देतात, पोर्ट ५५४. व्हीएलसी उघडा, नेटवर्क स्ट्रीम, त्यात डीव्हीआरचा आयपी आणि मॉडेलप्रमाणे रस्ता टाका. मॉडेल नंबरने तो रस्ता शोधला की मिळतो. ऑनव्हिफ (कॅमेऱ्यांचं सामाईक मानक) असेल तर आणखी सोपं.

आठ कॅमेरे एकदम बघायचे असतील तर मेन स्ट्रीम घेऊ नका, सब स्ट्रीम (कमी दर्जाचा हलका व्हिडिओ) घ्या. पाय ५ मध्ये एच २६४ चा हार्डवेअर डीकोडर नाही, फक्त एचईव्हीसीचा (एच २६५) आहे, त्यामुळे सगळा भार सीपीयूवर येतो. एक-दोन एचडी कॅमेरे आरामात, आठ नको.

निळी_शाई
सातारी_पेढा भाऊ, रेकॉर्डिंग मागे जाऊन बघायचं असेल तर? चपला चोरीला जातात आमच्याकडे.

सातारी_पेढा
त्यासाठी डीव्हीआरला टीव्ही आणि माउस लावा, तिथेच मेनूत प्लेबॅक आहे, यूएसबीवर क्लिप काढता येते. काही मॉडेल आरटीएसपीवर जुनं पण देतात पण ते प्रत्येकाचं वेगळं. आणि कळकळीची विनंती, पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर आज बदला आणि राउटरवर पोर्ट उघडं ठेवलं असेल तर बंद करा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने असलेच डीव्हीआर आणि कॅमेरे कंपनीच्या पासवर्डने गिळले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. चपलाचोर परवडला.

चिवडाप्रेमी
सोसायटीचा पासवर्ड मी ओळखतो. पाचदा एकच आकडा.

निळी_शाई
चिवडाप्रेमी, गप्प बसा. (बदलला.)

म्युनिकचा_मुंबईकर
जाताजाता, फ्लॅशसाठी कुणी जुनं पेपरफ्लॅश (क्रोमियमचं फ्लॅश प्लगिन) शोधायला जाऊ नका. पायच्या ३२ बिट ओएसमध्ये एकेकाळी क्रोमियमबरोबर ते यायचं हे खरं, पण ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून शेवटच्या आवृत्त्या स्वतःहूनच काही चालवत नाहीत, तारीख बघून. आणि कुठल्यातरी साइटवरून "फ्लॅश फॉर एआरएम" उतरवलंत तर त्यात फ्लॅश सोडून सगळं असेल.

जुनं_ते_सोनं
जावा ॲपलेटवाल्यांचे (ब्राउझरमध्ये चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम) पण हाल आहेत. आमच्या ऑफिसात एका जुन्या नेटवर्क स्विचचं पान ॲपलेटशिवाय उघडत नाही. जावा ११ मध्ये ब्राउझर प्लगिनच काढलं. मी त्यासाठी एक जुनं व्हर्च्युअल मशीन जपून ठेवलंय, इंटरनेट तोडून. बघा, शेवटी एम्युलेशनच कामाला आलं.

टर्मिनलबाबा
तिथे बरोबर आहे, कारण तिथे आतून काढण्यासारखं सामान नाही, पानच प्रोग्रॅम आहे. पण ते तुमच्या इंटेलवर इंटेल आहे म्हणून सुखाने चालतंय हेही लक्षात घ्या. मूळ प्रश्न पायचा आहे.

जुनं_ते_सोनं
ते लक्षात आहे. पाय घ्यायला मी सांगितलं नव्हतं.

निळी_शाई
मंडळी, प्रगती सांगते. पहिली सीडी रफलमध्ये चालली!! मेनूतून गोष्टी उघडतायत, गाणी वाजतायत, अक्षरं सगळी व्यवस्थित. फक्त शेवटचं "छपाई करा" बटण दाबलं की काही होत नाही. भाचीला त्याचं काही नाही, ती सशालाच परत परत दाबतेय.

पत्रिका पण निघाल्या, शेऱ्यासकट. बाबांच्या फॉण्टात लिब्रेऑफिसमध्ये दिसतायत, युनिकोडचं सावकाश करीन. पण बाबांना तोच जुना पडदा हवाय, पिवळ्या चौकटीवाला, म्हणून म्युनिकच्या मुंबईकरांनी सांगितलेली ओळ टाकली (पेजसाइझ खरंच १६३८४ होतं, आता ४०९६), पायॲप्समधून बॉक्स६४ आणि वाईन घेतलं. सुरू होताना "एमएसव्हीबीव्हीएम६० डॉट डीएलएल नाही" म्हणालं.

कोकणकडा
व्हिज्युअल बेसिक ६ चा रनटाइम. वाइनट्रिक्समध्ये (वाईनला लागणारे विंडोजचे तुकडे आणून देणारं साधन) "व्हीबी६रन" आहे, तेवढं टाका. डेटाबेस उघडताना रडलं तर तिथेच जेट४० (ॲक्सेसचं डेटाबेस इंजिन) पण आहे.

निळी_शाई
चाललं. पिवळी चौकट आली. बाबा आता त्यात बघतायत की १९४४ सालची आजीची पत्रिका सॉफ्टवेअरने युद्धाचा तास धरून केली होती का.

देवळातला_घंटानाद
काय निघालं ते नक्की कळवा.

निळी_शाई
सॉफ्टवेअरने नाही धरला, पण बाबांनी वेळ टाकतानाच एक तास वजा केला होता, शेऱ्यात लिहिलंय.

आता उरली दुसरी सीडी, डिरेक्टरवाली. ईएक्सई तेवढी पायवर कॉपी केली, बॉक्स६४-वाईनमध्ये दिली तर सुरुवातीचं चित्र येतं, पण पार्श्वसंगीत नाही आणि पुढे "सीडी घाला" म्हणतं. डिरेक्टरसाठी रफलसारखं काही नाहीये का?

शेंगदाणा_कूट
रफलइतकं तयार नाही. स्कमव्हीएममध्ये (जुने गेम चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) डिरेक्टरवर काम चालू आहे पण ते ठराविक गाजलेल्या सीडींसाठी, आपल्या मराठी सीडीचं नशीब सांगता येत नाही. तुमची वाईनची वाट बरोबर आहे, फक्त नुसती ईएक्सई उचलून भागत नाही. तो एक्स्ट्राज फोल्डर ईएक्सईच्या शेजारीच असावा लागतो, आवाज उलगडणारे तुकडे त्यात असतात, आम्ही पार्श्वसंगीत शॉकवेव्ह ऑडिओत दाबून टाकायचो जागा वाचवायला. डीएक्सआर फायलीही त्याच जागी. अख्खी सीडी जशी आहे तशी घ्या, आधी तिची आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत) करून ठेवा, इतक्या जुन्या सीडीला दर वेळी ड्राइव्हमध्ये फिरवू नका.

टर्मिनलबाबा
आयएसओसाठी डीडीरेस्क्यू वापरा, ओरखडे असलेल्या जागी ते परत परत वाचायचा प्रयत्न करतं. मग आयएसओ माउंट करा आणि वाइनसीएफजीमध्ये (वाईनची सेटिंग) ड्राइव्हच्या टॅबवर तो फोल्डर डी ड्राइव्ह म्हणून जोडा, खाली प्रकार "सीडी-रॉम" निवडा. "सीडी घाला" त्याच्यामुळे थांबेल. डिरेक्टरच्या जुन्या सीडी ६४० बाय ४८० धरून बनवलेल्या असतात तर तिथेच ग्राफिक्सच्या टॅबवर व्हर्च्युअल डेस्कटॉप त्या मापाचा करा, नाहीतर चित्र कोपऱ्यात चिमुकलं दिसेल.

आणि बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह पायलाच लावलाय ना? ३ ॲम्पिअरचा चार्जर असेल तर पाय ५ यूएसबीला एकूण ६०० मिलिॲम्पिअरच देतो, ड्राइव्ह मध्येच झोपतो आणि सीडी खराब आहे असं वाटतं. ५ ॲम्पिअरचा अडॅप्टर लावा नाहीतर स्वतःची वीज असलेला हब.

निळी_शाई
अडॅप्टर ३ चाच आहे, फोनचा! म्हणून कॉपी करताना दोनदा ड्राइव्ह गायब झाला. हब शेजारच्या काकांकडे आहे, उद्या आणते आणि अख्खी सीडी एक्स्ट्राजसकट घेते.

पाटावरवंटा
शेंगदाणा_कूट, माझ्याकडे पण एक जुनी सीडी आहे, तिच्यात डीसीआर फायली आहेत. तो पण डिरेक्टरच का?

शेंगदाणा_कूट
हो, तीच मंडळी, वेबसाठी दाबलेली आवृत्ती. बाजूला ईएक्सई आहे का बघा, असेल तर वरचंच सगळं लागू.